दहा बाय बाराच्या खोलीतला घुमणारा बास: लॅपटॉप आणि माइक घेऊन होम थिएटर कसं सुधारावं

घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमधली दुसरी बेडरूम दहा बाय बाराची आहे. पाहुणे आले की ती त्यांची, एरवी माझी. तिथे ५.१ चा सेट, म्हणजे पाच स्पीकर आणि फक्त बास वाजवणारा एक सबवूफर (थोडक्यात सब), लावला आणि पहिल्याच रात्री लक्षात आलं, की दुकानात ऐकलेल्या आवाजाचं आणि या आवाजाचं काही नातं नाही. संवाद धूसर. ढोलावर थाप पडली की थाप कमी आणि मागचं घुंऽऽ जास्त. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "अरे, तुम्ही वॉशिंग मशीन रात्री लावता का रे?"

स्पीकर वाईट नव्हते, खोली तशी होती. खालच्या पट्टीत, म्हणजे साधारण २०० हर्ट्झच्या खाली, आपण स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकत असतो. ती खोली मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माझ्यासारखा अकाउंट्समधला माणूस ते दोन रविवारांत शिकला, तेव्हा तुम्हालाही जमेल. फक्त क्रम चुकवू नका: आधी मोजणं, मग सोफा आणि सबवूफर हलवणं, आणि फिल्टर, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणारी सेटिंग, सगळ्यात शेवटी. मी फिल्टरची घाई केली होती. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आधी टेप आणि कॅल्क्युलेटर

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लाट अडकते. खोलीची लांबी लाटेच्या बरोबर निम्मी भरली की तो सूर खोलीत उभा राहतो आणि घुमतो. २५ अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, म्हणजे ११३५ फूट असतो. त्याचे निम्मे ५६७. म्हणून सोपा हिशेब असा: ५६७ ला खोलीच्या फुटांनी भागा.

माझी खोली १२ फूट लांब: ४७ हर्ट्झ. १० फूट रुंद: ५७ हर्ट्झ. छत साडेनऊ फुटांवर: जवळपास ६० हर्ट्झ. याच आकड्यांच्या दुप्पट, तिप्पट ठिकाणीही खोली बोलते, पण सगळ्यात जास्त त्रास या पहिल्या तिघांचा. यातले ५७ आणि ६० शेजारी शेजारी आहेत हे आत्ताच लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच बेडरूमची रुंदी छताच्या उंचीच्या जवळपास असते आणि मग दोन घुमारे एकमेकांवर बसतात. खोली चौरस असेल तर आणखीच वाईट.

हे तीन आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. नंतर ग्राफमध्ये शंभर चढउतार दिसतात आणि नवखा माणूस गांगरतो. तेव्हा हा कागद उपयोगी पडतो.

काय काय लागेल

लॅपटॉप. रिसीव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला लागतात त्या डब्याला, जोडायला एचडीएमआय केबल. 'रूम ईक्यू विझर्ड' हे सॉफ्टवेअर, ज्याला सगळे आरईडब्ल्यू म्हणतात; ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. आणि मोजणीचा माइक.

पैसे घालायचे ते माइकमध्ये. मोबाइलवर भागवायचा मोह होतो, पण मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि अनेक फोन खालचे सूर मुद्दाम कापतात. म्हणजे आपल्याला जे मोजायचंय नेमकं तेच. मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हा यूएसबी माइक या कामासाठी बहुतेक जण घेतात. प्रत्येक माइकवर सिरियल नंबर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की त्याच माइकची कॅलिब्रेशन फाइल, म्हणजे तो कुठे किती चुकतो याची नोंद, उतरवता येते. मित्राचा माइक आणला तर त्याचीच फाइल घ्या, दुसऱ्याची चालत नाही.

माइकला स्टँड हवाच. हातात धरून मोजू नका, सोफ्याच्या पाठीला टेकवूनही नको. मी सुरुवातीला मोबाइलचा ट्रायपॉड स्टुलावर ठेवून भागवलं. माइकचं टोक बसल्यावर कान जिथे येतात तिथे आलं पाहिजे, एवढाच नियम.

जोडणी आणि सेटिंग

माइक लॅपटॉपला लावा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइक आणि एचडीएमआय दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. माइकला काही 'एन्हान्समेंट' लागू असतील तर बंद करा. आता आरईडब्ल्यू उघडून 'प्रेफरन्सेस'मध्ये जा, आउटपुटला रिसीव्हर निवडा, इनपुटला माइक निवडा आणि कॅलिब्रेशन फाइल द्या. यूमिक-१ च्या दोन फाइली मिळतात, शून्य अंशाची आणि ९० अंशाची. माइक छताकडे तोंड करून उभा ठेवणार असाल तर ९० अंशाची घ्या. सराउंडच्या सेटला हीच पद्धत सोयीची, कारण कुठल्याच स्पीकरकडे पक्षपात होत नाही.

रिसीव्हरवर आधी खोलीप्रमाणे आवाज सुधारणारी सगळी आपोआप करेक्शनं बंद करा. डेनॉन, मरांट्झवर ऑडिसी असतं, यामाहावर वायपीएओ, काहींवर डिरॅक. ती चालू ठेवून मोजलंत तर खोली दिसत नाही, खोली आणि औषध यांची खिचडी दिसते. आवाज कमी असताना बास वाढवणारं डायनॅमिक ईक्यूसारखं काही असेल तर तेही बंद. मोड साधा स्टिरिओ ठेवा. 'प्युअर डायरेक्ट' टाळा, कारण त्यात बऱ्याचदा सबवूफरकडे जाणारा रस्ताच बंद होतो आणि मग बास कुठे गेला म्हणून आपण केबल तपासत बसतो. माझी अर्धी दुपार त्यातच गेली.

स्पीकर 'स्मॉल' ठेवा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. म्हणजे डावा चॅनेल वाजवला की ८० च्या वरचं डाव्या स्पीकरमधून आणि खालचं सबमधून येईल.

पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद. रात्री शांतता असते असं वाटतं, पण घोडबंदर रोडला उलटं आहे. रात्री कंटेनर सुरू होतात आणि त्यांची घरघर नेमकी आपल्या मोजणीच्या पट्टीत येते. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ ४५ डेसिबलची, आणि आपली मोजणी चालते ७५ ला. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा ते साडेबारा घेतो. कुकरच्या शिट्ट्या संपलेल्या असतात आणि वामकुक्षी अजून सुरू झालेली नसते. खालच्यांना आधी सांगून ठेवा, पाच मिनिटं विचित्र आवाज येईल म्हणून.

पहिला स्वीप

'मेझर' बटण दाबा. सुरुवात १५ हर्ट्झ, शेवट २०,००० हर्ट्झ. 'चेक लेव्हल्स' दाबून रिसीव्हरचा आवाज हळूहळू वाढवा, माइकजवळ ७५ डेसिबलच्या आसपास येईपर्यंत. आधीच वाढवून ठेवू नका. मग 'स्टार्ट'. खालून हुंऽऽ असा आवाज सुरू होतो, चढत चढत शिट्टी होतो आणि कानाच्या पलीकडे निघून जातो. हाच स्वीप. तेवढा वेळ खोलीबाहेर उभे राहा किंवा निदान हलू नका.

बाहेर वर्दळ असेलच तर स्वीपची लांबी दुप्पट करा. दर दुप्पटीला गोंगाटाच्या मानाने मोजणी ३ डेसिबलने सुधारते. आवाज वाढवण्यापेक्षा हे बरं.

ग्राफ आला की पहिलं काम म्हणजे त्याची चौकट बदलणं. 'लिमिट्स'मध्ये आडव्या बाजूला १५ ते ३०० हर्ट्झ आणि उभ्या बाजूला ४५ ते १०५ डेसिबल ठेवा. स्मूदिंग, म्हणजे ग्राफ गुळगुळीत करणं, शून्य. पूर्ण वीस हजारांचा ग्राफ पाहून कुणी काही शिकलेलं नाही, निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

आता भिंतीवरचा कागद काढा. माझ्या ग्राफमध्ये ४७ हर्ट्झला सरासरीच्या १२ डेसिबल वर एक सुळका होता. काकूंचं वॉशिंग मशीन ते हेच. ६० ला त्याहून बुटका उंचवटा होता. आणि ५७? तिथे जवळपास काहीच नाही. मला वाटलं माझा हिशेब चुकला.

हिशेब बरोबर होता. रुंदीच्या पहिल्या लाटेचा दाब दोन्ही भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि मधोमध शून्य असतो. माइक दहा फुटांच्या बरोबर मधे होता, त्यामुळे ५७ तिथे ऐकूच येत नव्हता. दीड फूट डावीकडे, जिथे बायको बसते, तिथे मोजल्यावर ५७ हजर, आणि ६० ला खेटून एक रुंद टेकाड. "मला इथे जास्त धडधडतं" असं ती म्हणायची आणि मी तिला "सवय होईल" म्हणायचो. ते विधान मी मागे घेतलं.

सोफ्याची गोष्ट

लांबीच्या लाटेचंही असंच. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकवून ठेवायची पद्धत, आणि भिंतीशी दाब सर्वांत जास्त, म्हणून ४७ चा सुळका. हे कळल्यावर मी उत्साहाने सोफा थेट खोलीच्या मध्यावर आणला, सहा फुटांवर. मोजलं तर सुळका गायब आणि त्याच्या जागी विहीर. ढोलाच्या थापेतला दमच गेला.

इथे मी ती चूक केली जी प्रत्येक नवखा करतो. खड्डा दिसतोय ना, मग भरून काढू. ४७ वर ९ डेसिबलचा बूस्ट दिला. ९ डेसिबल म्हणजे ऍम्प्लिफायरकडून जवळपास आठपट ताकद मागणं. परत मोजलं, खड्डा तिथेच. कारण तिथे समोरून येणारी आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना खोडतात. तुम्ही जितकं जास्त ओताल तितकं परतूनही जास्त येतं आणि तितकंच खोडलं जातं. त्या रात्री सिनेमात एक स्फोट झाला आणि सबमधून 'थड्' असा कोरडा आवाज आला. सबचा पुढेमागे हलणारा पडदा आपल्या टोकाला जाऊन आदळला होता. शोकेसमधल्या काचेच्या बरण्या किणकिणल्या ते वेगळंच. सब वाचला, नशीब.

उंचवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. खड्ड्यावर उपाय एकच, आपण तिथून उठायचं.

शेवटी सोफा कुठे गेला, तर मागच्या भिंतीपासून कान चार फुटांवर येतील असा, म्हणजे लांबीच्या एक तृतीयांशावर. तिथे ४७ चा सुळका भिंतीजवळच्यापेक्षा सुमारे ६ डेसिबलने बसला आणि खड्डाही पडला नाही. एकही फिल्टर न लावता निम्मं काम झालं. चार फूट जागा सोडणं परवडत नसेल तर दोन फूट सोडा, तरी फरक मोजता येतो. मागच्या जागेत आता इस्त्रीचं टेबल उभं राहतं, त्यामुळे घरातून तक्रार नाही.

सबवूफर कुठे ठेवायचा

दुकानदार सांगतो, कोपऱ्यात ठेवा, बास वाढेल. वाढतोच, कारण कोपरा खोलीच्या सगळ्या लाटांना एकदम चेतवतो. आपल्याला जास्त नको, सारखा हवा.

जुनी युक्ती अशी: सब उचलून सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवा. बासचा एखादा सतत चालणारा तुकडा लावा आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरा. जिथे सगळे स्वर सारख्या जोराने ऐकू येतात ती सबची जागा. रांगायची लाज वाटत असेल तर माइक रांगवा: तीन-चार शक्य जागांवर माइक जमिनीलगत ठेवून स्वीप घ्या आणि ग्राफ एकावर एक टाकून बघा. केबल जिथे पोहोचत नाही आणि दार जिथे उघडतं त्या जागा आधीच वगळा. माझ्याकडे उरल्या तीन. टीव्ही युनिटच्या डाव्या बाजूला, कोपऱ्यापासून अडीच फूट आत, ही जिंकली.

आता फिल्टर

एका जागेवरच्या मोजणीवर फिल्टर बनवू नका. माझं ५७ चं उदाहरण वर आहेच. सोफ्यावर बसायच्या दोन्ही जागांवर, आणि प्रत्येकी कानाच्या थोडं पुढेमागे, अशा पाच-सहा मोजण्या घ्या, त्यांना नावं द्या आणि 'ऑल एसपीएल'मध्ये त्यांची आरएमएस सरासरी काढा. पुढचं सगळं त्या सरासरीवर.

'ईक्यू' खिडकी उघडा. इक्वलायझरचा प्रकार 'जेनेरिक'. टार्गेटची, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या रेषेची, पातळी आपोआप काढून घ्या. मग 'मॅच रेंज' २० ते २०० हर्ट्झ. माझा सब ३० च्या खाली फारसा वाजतच नाही, म्हणून मी ३० पासून घेतो. तुमचा ग्राफ जिथे कोसळतो तिथून सुरुवात करा. सगळ्यात महत्त्वाचं, बूस्टच्या दोन्ही मर्यादा शून्यावर. म्हणजे सॉफ्टवेअर फक्त कापेल. आता 'मॅच रिस्पॉन्स टू टार्गेट' दाबा.

दहा-बारा फिल्टर निघतील. सगळे स्वीकारायची गरज नाही. माझ्याकडचे कामाचे दोनच: ४७ वर उणे ६ डेसिबल, क्यू ५, आणि ५८ वर उणे ४, क्यू ४. क्यू म्हणजे फिल्टर किती अरुंद आहे ते. आकडा मोठा तितका काप बारीक. एखाद-दीड डेसिबलच्या टाचण्या मी काढून टाकल्या. ग्राफ सुंदर दिसावा म्हणून लावलेले फिल्टर कानाला कळत नाहीत.

२०० च्या वर का नाही? लहान खोलीत त्याच्या वरचे चढउतार डोकं चार बोटं हललं तरी बदलतात. एका बिंदूवर ते सपाट करायला गेलात तर संवाद डब्यातून आल्यासारखे होतात. तिथे पडदा, गालिचा, पुस्तकांचं कपाट यांचं काम असतं. थर्माकोलचे तुकडे किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून बास कमी होत नाही, हे इथेच सांगून टाकतो.

फिल्टर बसवायचे कुठे

सिनेमे विंडोज संगणकावरून बघत असाल तर 'इक्वलायझर एपीओ' हे फुकट सॉफ्टवेअर घाला. बसवताना कुठलं उपकरण ते विचारतं. तिथे एचडीएमआयचा रिसीव्हर निवडा आणि मशीन रीस्टार्ट करा. आरईडब्ल्यूमधून फिल्टर टेक्स्ट फाइल म्हणून बाहेर काढा आणि एपीओच्या एडिटरमध्ये त्या फाइलचा 'इनक्लूड' द्या. झालं.

यात दोन अडचणी. संगणकाबाहेरचं काहीच, म्हणजे सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीची काडी, एपीओमधून जात नाही. आणि प्लेअर डॉल्बीचा प्रवाह न उलगडता तसाच रिसीव्हरला पाठवत असेल तर त्यावरही परिणाम होत नाही. प्लेअरलाच उलगडायला सांगा. सगळ्याच स्रोतांना करेक्शन हवं असेल तर रिसीव्हर आणि सबच्या मधे मिनीडीएसपी २x४ एचडीसारखी डबी बसते आणि आरईडब्ल्यूचे फिल्टर त्यात भरता येतात. रिसीव्हरमध्ये हातानं भरायचं पॅरामेट्रिक ईक्यू असेल तर डबीही नको.

रिसीव्हरच्या स्वतःच्या ऑटो करेक्शनला मी नावं ठेवत नाही. सोफा आणि सब जागेवर बसल्यावर तेच चालवा आणि नंतर आरईडब्ल्यूने तपासा, असा मार्गही चांगला आहे. फक्त त्याला बिघडलेली मांडणी दुरुस्त करायला सांगू नका.

परत मोजा

फिल्टर चालू करून तोच स्वीप परत घ्या. फरक दिसलाच नाही तर घाबरू नका; आरईडब्ल्यू एएसआयओ किंवा एक्सक्लूझिव्ह मोडवर (विंडोजला टाळून थेट उपकरणाकडे जाणाऱ्या मार्गांवर) असेल तर ते एपीओला वळसा घालून जातं. प्रेफरन्सेसमध्ये साधा जावा ड्रायव्हर निवडा.

मग ८० हर्ट्झच्या आसपास बघा. तिथे नवा खड्डा असेल तर तो खोलीचा नसेल, सब आणि स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलत असतील. रिसीव्हरमध्ये सबचं अंतर एकेक फुटाने बदला, दर वेळी स्वीप घ्या, आणि ८० जिथे सर्वांत भरलेला दिसतो तिथे थांबा. या खड्ड्यावरही बूस्ट नको.

शेवटी ऐका. पूर्ण सपाट बास पहिल्यांदा ऐकताना रोडावल्यासारखा वाटतो, कारण आपल्याला घुमण्याची सवय असते. चार दिवस द्या. तरीही कमी वाटला तर सबचा आवाजच ३-४ डेसिबलने वाढवा. बऱ्याच लोकांना खालचा भाग थोडा चढा आवडतो, त्यात गैर काही नाही. मी ३ वर ठेवला आहे. एपीओमध्येच बूस्ट दिलात तर मात्र 'प्रीऍम्प', म्हणजे एकूण आवाजाची पातळी, तेवढाच उणे करा, नाहीतर आवाज फाटेल.

सगळ्या मोजण्या एका फाइलमध्ये तारखेसह साठवून ठेवा. माझ्याकडे दोन संच आहेत. गावाहून कुणी आलं की गादी घालायला सोफा परत भिंतीला जातो, ४७ परत डोकं वर काढतो, म्हणून त्या मांडणीचे फिल्टर वेगळे बनवले: ४७ वर उणे ११. एपीओमध्ये एका फाइलचं नाव 'रोजचं' आणि दुसरीचं 'पाहुणे'. टिकमार्क बदलायला दहा सेकंद लागतात, सोफा ढकलायला दोन माणसं.